पडताळणी

कळमन्यात मी वजनकाटे तपासते,
इतवारीत कापडवाल्यांची मीटरपट्टी.
दोन मिलिमीटर कमी भरली
तरी शिक्का नाही, नोटीस.
म्हणतात, निमगडे मॅडम चणीनं एवढुशा,
पण सोडत नाहीत.

सोडत होते ना. रोज.
डावा पट्टा घसरला की
पंचनामा अर्धा टाकून, पेन दातात धरून
गळ्यातून दोन बोटं आत, पट्टा वर.
दहा मिनिटांनी पुन्हा वर.
पंच बिचारे मिरचीच्या पोत्यांकडे पाहत.

बर्डीवर काउंटरमागचा पोरगा
माझ्याकडे न पाहता माझं माप सांगतो :
"बत्तीस."
त्याच्याखाली?
"त्याच्याखाली येतच नाही नं ताई.
मग ते शाळेतल्या पोरींचं. त्या रॅकवर.
फुलपाखरंवालं."
मी छत्तीस वर्षांची, हाताखाली दोन शिपाई.
तरी आणली एकदा फुलपाखरं.
जिना उतरताना छातीशी फाइल धरावी लागे,
फाइल नसली तरी.

धरमपेठेत एसी, आरसे, अत्तराचा वास.
"पॅडेड घ्या मॅडम, भरल्यासारखं दिसतं."
दिसतं कोणाला?
जे आहे त्याला मी जागा मागत होते,
ती नसलेलं विकत होती.

आई म्हणायची, काहून एवढं, घाल नं दोन टाके.
घातले.
पहिल्याच दिवशी शेवटचा हुक,
तरी मागची पट्टी चढत चढत फऱ्यांपर्यंत,
अन् मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत,
सेफ्टी पिन पाठीला डागायची.
ज्या बाईनं अर्ध्या इतवारीला
"चालून जाते" म्हणू दिलं नाही
तिचं स्वतःचं वीस वर्षं चालून गेलं.

महालात, एका बोळात, शिलाई मशीनमागे
डेकाटेबाई आतलेही ठेवतात,
बुटांच्या खोक्यांत, पेन्सिलीनं आकडे लिहून.
पडदा ओढला. म्हणाल्या, "कुर्ता काढ.
वरून घेतलं ते माप नव्हे."
पटलंच. पिशवीसकट तोलू नये
हे मीच सांगते लोकांना.
"श्वास सोड." छातीखाली सत्तावीस.
"आता वाक." टेप सैल, बत्तीस.
"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या, "डी."

डी?
डी म्हणजे आमची तारामावशी,
जिच्या कुशीत आम्ही तीन पोरं मावायचो.
मी हसले. त्या नाही हसल्या.
"अक्षराले काय घाबरून राहिली?
ते घेराच्या हिशेबानं राहते.
बत्तीसमध्ये घेर ढिला, म्हणून सारंच ढिलं.
तू लहान नाहीस बापा, अरुंद आहेस."

अरुंद.
मला बोळ आठवला, ज्यातून आत आले होते.
स्कूटर शिरत नाही त्यात,
पण माणसं राहतात, तुळस आहे,
कोणाचं तरी लोणचं उन्हात ठेवलेलं.

तेवढ्यात टेपकडे लक्ष गेलं.
मळका, गुलाबी, टोकाची पत्री उडालेली,
पहिला अर्धा इंच गायब,
मधे ताणून ताणून लांबलेला.
माझ्या बॅगेत सरकारी स्टीलची पट्टी.
डेकाटेबाई पडद्याबाहेर खोकी उपसत होत्या,
आकडा न पाहता, बोटांनी कापड चाचपत.
तिसरं खोकं. मी घातलं. मधला हुक.
हात वर केले, खाली केले.
पट्टी जागच्या जागी.
मी पुन्हा हात वर केले,
उगाच.

दोन घेतले. साडेसातशे.
एक कातडीच्या रंगाचा, एक वांगी.

दुसऱ्या दिवशी कळमन्यात
ट्रकच्या काट्यावर चढले, उतरले,
एका अडत्याशी चांगलं तासभर भांडले,
अन् चार वाजता चहा पिताना आठवलं
की सकाळपासून आठवलंच नव्हतं.

टेप जप्त करायला हवा होता, नियमानं.
जाईन पुढच्या महिन्यात, नवा घेऊन.
बाई म्हणतील, कशाले आणला,
अन् मापं घेतील त्या जुन्यानंच.